मामांनी आवळलेली स्की

माझ्या पत्नीच्या मामांनी एकदा बसवलेली वस्तू पुन्हा काढू शकेल असा दुसरा मनुष्य सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अद्याप जन्माला आलेला नाही. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, आणि अतिशयोक्ती हा माझा स्वभाव नव्हे. बोललेले प्रत्येक वाक्य मनात पुन्हा तपासून पाहण्याच्या सवयीपायी मी कॉलेजात भूगोल शिकवतानाही तासाला निम्माच धडा पुरा करतो. परंतु विश्रामबागेतल्या आमच्या पहिल्या भाड्याच्या घराची साक्ष काढावी. त्या घराच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची तार मामांनी बांधली होती. आम्ही घर सोडले तेव्हा ती निघेना, म्हणून तिथेच राहिली. पुढच्या बिऱ्हाडाच्या रंगाऱ्याने तिला भिंतीसकट रंग दिला. पुढे मालकांनी गॅलरी पाडून तिथे खोली वाढवली. आज त्या खोलीत एक सज्जन झोपतात आणि त्यांच्या पलंगावरून, छातीपासून चार फुटांवर, मामांची तार आरपार जाते. आमच्या कुकरची मूठ सैल झाली होती, ती मामांनी एका दुपारी पक्की केली. पुढे कुकरचे बूड झिजून त्याला भोक पडले, तो मोडीत निघाला, पण मूठ जागची हलली नाही. मोडवाल्याने ती दोनदा हिसकून पाहिली आणि आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू आम्ही त्याची काही परीक्षाच घेत आहोत.

मामांच्या खिशात रुमाल नसतो, पाना असतो. कोणाच्याही घरी गेले की ते आधी दाराची चौकट हलवून पाहतात, मग खुर्ची हलवतात, आणि ती डुगडुगली नाही तरच तिच्यावर बसून पाण्याचा तांब्या हाती घेतात. लग्नात गेले की अक्षता हातात घेऊन मांडवाचा खांब हलवतात. माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी माझा दंड धरून मलाच दोनदा हलवून पाहिले होते आणि माझ्यासमोर माझ्या सासऱ्यांना निकाल दिला होता, “चालंल दाजी. जरा ढिला हाय, पर चालंल.” त्या निकालाला आता सत्तावीस वर्षे झाली. त्यातल्या पहिल्या भागाविषयी माझा राग केव्हाच निवळला आहे. दुसऱ्या भागाचे ओझे मात्र मला अधूनमधून जाणवत राहते.

मामा सैन्यात वाहनदुरुस्तीच्या कामावर होते आणि हवालदार होऊन परतले. उंब्रजला हायवेपासून आत, उसाच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड आहे. गळिताच्या हंगामात तिथे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, कारण मामांनी जोडलेला ट्रॉलीचा दांडा भर उतारावरही सुटत नाही, अशी कऱ्हाडपर्यंत ख्याती आहे. नोकरीतले दोन हिवाळे त्यांनी बर्फात काढले होते. तिथे एका घाटात गाडीचे चाक निखळले आणि त्या गाडीत त्यांच्याच बराकीतला खटावकडचा एक जवान होता, तो परतला नाही, एवढे मला मामींकडून कळले आहे. मामा स्वतः त्याविषयी एकच गोष्ट सांगतात, तीही कामात मान घालून. “ढिला नट दिसत न्हाई, पाव्हणं. ऐकू येतो. आन ऐकू आला तवर उशीर झाल्याला असतो.”

अशा माणसाच्या हाती मी माझ्या मुलीच्या स्की दिल्या, आणि याची हकीकत सांगताना मला कुठल्याही बाजूने स्वतःला झाकता येत नाही.

आमची रेवती पुण्याला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी ती मैत्रिणींबरोबर काश्मीरला गेली, बर्फावर घसरण्याचे प्राथमिक शिक्षण घेऊन आली, आणि नंतर तिला दुसरे काही सुचेना. मी तीस वर्षे हिमरेषा, हिमनदी आणि हिमोढ फळ्यावर काढीत आलो. बर्फ मी पाहिला आहे तो रसवंतीतला. आणि माझी मुलगी त्याच बर्फावर उभे राहून इतरांना शिकवणारी प्रशिक्षक व्हायचे म्हणत होती. त्यासाठीच्या वर्गात तिला प्रवेश मिळाला. स्वतःचे साहित्य आणणे सक्तीचे होते. तिने तिथल्याच एका शिक्षकाच्या वापरलेल्या स्की घेतल्या, म्हणजे बर्फावरून घसरायच्या त्या दोन लांब, टोकाला वर वळलेल्या पट्ट्या. आणि बूट त्या पट्ट्यांना धरून ठेवणारी कळ, जिला बाइंडिंग म्हणतात, ती नवी कोरी वेगळी मागवली. सारे सामान आमच्या सांगलीच्या पत्त्यावर आले. बूट आधीपासून घरीच होते. रेवतीने फोनवर बजावले, “बाबा, खोकं उघडू नका. ते बसवणं फार नाजूक असतं. मी तिथे गेल्यावर बसवून घेईन.”

मी खोके उघडले. का उघडले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिच्या जाण्याला मी कधी विरोध केला नव्हता. पण मनातून होकारही दिला नव्हता, आणि हे तिला ठाऊक होते. सगळे तयार करून तिच्या हाती ठेवावे, म्हणजे आपल्या न दिलेल्या होकाराची भरपाई होईल, असे काहीसे माझ्या मनात असावे. चांगुलपणा म्हणून मी जे जे केले आहे, त्यात असे काहीतरी तळाशी सापडतेच.

एका रविवारी स्की, बूट आणि खोके घेऊन मी एसटीत बसलो. स्की आडव्या मावेनात आणि उभ्या राहीनात. कंडक्टरने त्या दोनदा वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या.

“गुरुजी, ह्ये काय म्हनायचं?”

“बर्फावरून घसरायच्या पट्ट्या आहेत.”

“आन निघालाय कुठं?”

“उंब्रजला.”

खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहून तो अत्यंत सौजन्याने म्हणाला, “घसरा.”

मामांनी स्की हातात घेतली, ठोकून आवाज ऐकला, वाकवून पाहिली. मग बाइंडिंगबरोबर आलेल्या स्क्रूंची पुडी उघडली आणि त्यातला एक दोन बोटांत धरून माझ्या डोळ्यांसमोर नाचवला. “ह्यो इस्क्रू? ह्येनं भितीवर क्यालेंडर लावत्यात, पाव्हणं. ह्येच्यावर पोरगी उभी करायची म्हनता?” खोक्यात एक कागदी साचाही होता. तो स्कीवर ठेवून कोणत्या मापाच्या बुटाला कुठे भोक पाडायचे हे त्यावर ठिपक्यांनी दाखवलेले असते. मामांनी तो कागद उलगडला, त्यावर मराठी वा हिंदी काहीच दिसेना, तेव्हा पुन्हा घडी करून चहाच्या कपाखाली ठेवला.

मी तो कागद वाचू शकत होतो. त्यावर स्पष्ट लिहिले होते की भोके ठरलेल्या खोलीपेक्षा अधिक पाडू नयेत. मी वाचले आणि गप्प राहिलो. मामांसारख्या कारागिराला कागद दाखवणे मला उद्धटपणाचे वाटले. एवढ्यावर थांबलो असतो तरी माझा अपराध मौनापुरता राहिला असता. पण मामा ड्रिल हातात घेऊन उभे राहिले तेव्हा मी, जो कधी कोणाला काही सांगत नाही, तो बोललो.

“मामा, पक्कं बसवा. काहीही झालं तरी तिचा पाय यातून निसटता कामा नये.”

मामांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या मनासारखे प्रथमच काही बोललो होतो. “काळजी सोडा,” ते म्हणाले. “आता यम आला तर त्येलाबी पाना घिऊन यावं लागंल.”

त्यानंतर दोन तास जे झाले ते कौतुकाने पाहण्याजोगे होते, आणि मी कौतुकाने पाहिले. मामांनी भोके आरपार पाडली. वरून उसाच्या ट्रॉलीचे बोल्ट घातले. खालून नट लावून, ते तळात बुडवून, ग्राइंडरने असे सपाट केले की हात फिरवला तर लागू नयेत. कळेच्या स्प्रिंगचा स्क्रू शेवटपर्यंत आवळला आणि कंपनांनी तो सैल होऊ नये म्हणून त्यावर तार पिळली. काम संपल्यावर त्यांनी ती स्की शेडच्या खांबाला टेकवली, खांब हलवला, मग स्की हलवली आणि समाधानाने म्हणाले, “खांब ढिला हाय.”

पुढच्या शनिवारी रेवती आली. तिला आम्ही थेट उंब्रजला नेले. खोके उघडल्याचे कळताच तिने माझ्याकडे एकदा पाहिले. शेडमागे तोडणी झालेल्या उसाचे पाचट पसरले होते. वाळलेले पाचट किती गुळगुळीत असते हे त्यावरून चालताना पडलेल्यालाच ठाऊक. मामांनी त्यावरच चाचणी योजली होती. मामी आल्या, शेजारची चार माणसे आली, एक ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर चालू ठेवून आला. रेवतीने बूट चढवले, एक पाय स्कीवर दाबला, खट् असा आवाज झाला; दुसरा दाबला, पुन्हा खट्.

“हालीव बरं पाय,” मामा म्हणाले.

तिने हलवला. स्की पायाचाच भाग असल्यासारखी हलली. ट्रॅक्टरवाल्याने “लय भारी!” म्हणून दाद दिली. मग रेवतीने एक काठी घेऊन तिचे टोक टाचेमागच्या पट्टीवर दाबले. तिथे दाबले की बूट मोकळा होतो, अशी त्या कळेची रचना असते. काही झाले नाही. तिने दोन्ही हातांनी जोर केला. मामांच्या शेजाऱ्याने जोर केला. ट्रॅक्टरवाला आणि तो मिळून जोर करू लागले आणि मामा शेजारी उभे राहून वेड्यासारखे खूश होत होते. “ओढा, ओढा! निघतंय का बगा! आरं, जेवला न्हाईसा काय रं?”

रेवतीने शांतपणे बुटांचे बंद सोडले आणि मोज्यांनिशी पाचटावर उतरली. बूट स्कीवर तसेच उभे राहिले. तिने एक स्की उलटी केली. तळावर ट्रॉलीचे नट उन्हात चमकत होते.

“मामाआजोबा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला असता तर मला बरे वाटले असते, “पडल्यावर हे सुटायला पाहिजे.”

“सुटाय पायजे?”

“हो. माणूस वेगात पडला की स्की एकीकडे वळते आणि पाय दुसरीकडे. बूट सुटला नाही तर गुडघा फिरतो, हाड मोडतं. वेळेवर सुटणं हेच याचं काम आहे.”

मामांनी त्या कळेकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्यांना अशी वस्तू दाखवत होते जिचा गुण सुटण्यात होता. “मंग लावायचं कशापायी?” ते म्हणाले, आणि लोक हसले; पण मामा हसण्यासाठी बोलले नव्हते. मोज्यांत उभ्या असलेल्या रेवतीच्या पायांकडे ते पाहत राहिले, गुडघ्यापर्यंत, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

“तुज्या जायाला किती दिस ऱ्हायल्यात?”

“नऊ. आणि आजोबा, दुसऱ्या स्की नाहीत. यांच्याशिवाय तिथे घेणार नाहीत मला.” मग तिने ती पिळलेली तार बोटाने दाखवली. “पण एवढं आवळायला सांगितलं कोणी?”

मी मामांपासून तीन हातांवर उभा होतो. बोलायला एक वाक्य पुरे होते, आणि ते माझ्या तोंडात तयारही होते. मामांनी माझ्याकडे बघितले, फडक्याला हात पुसले.

“कुनी कशाला सांगतंय? माजी खोडच हाय ती.”

मी ते वाक्य गिळले.

नंतरचे पाच दिवस मामांनी ट्रॉल्या परत पाठवल्या. त्यांनी स्वतः बसवलेली वस्तू स्वतःच काढण्याचा तो पहिला प्रसंग होता, आणि ते पाहायला वस्तीवरचे लोक येऊन बसत. पहिला बोल्ट निघायला एक सकाळ गेली. “कुना गाढवानं बसीवलंय ह्ये!” असे मामा स्वतःच मधूनमधून ओरडत. रेवती रजा वाढवून तिथेच राहिली. कपाखालचा कागद बाहेर निघाला. त्यावर चहाचे गोल वळे उमटले होते. ती वाचून सांगत होती आणि मामा चष्मा लावून एकेक ठिपका पाहत होते. आरपार भोकांत त्यांनी सागवानी खुंट्या घासूनपुसून डिंकात बसवल्या. तळाची भोके बुजवायला मात्र लाकूड चालेना. तिथे तळाच्याच जातीचे प्लास्टिक हवे होते. रेवती फोनवर तिच्या शिक्षकांना विचारत असता मामा उठले, उसातून ठिबकच्या काळ्या नळीचा तुकडा कापून आणला, त्याचा थेंब वितळवून तळावर टाकला, थंड झाल्यावर पटाशीने खरवडला आणि म्हणाले, “विचार त्येस्नी, ह्यो चालंल का.” शिक्षकांनी ती नळी कशाची ते दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, जात तीच आहे.

जुन्या भोकांपासून थोडे सरकून, साच्याप्रमाणे नवी भोके पडली, ठरलेल्या खोलीची. त्यांत ते कॅलेंडरचे स्क्रू बसले. मामा पिळू लागले की रेवती म्हणायची, “बास, आजोबा.” “आजून येक पीळ.” “बास म्हटलं ना.” आणि मामा हात काढून घेत, अशा वेळी ते आपला हात पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवत, हे मी पाहिले आहे. वजन, बुटाची लांबी आणि सवय यांवरून स्प्रिंग किती आवळायची याचा तक्ता पुस्तिकेत होता. मामांनी त्यातला आकडा खडूने खांबावर लिहिला. शेवटी रेवती स्कीवर उभी राहिली आणि मामांनी बुटाला लाकडाचा ठोकळा लावून आडवा जोर दिला. खट्! बूट सुटला. मामा दचकून दोन पावले मागे सरले. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. तीस वेळा तरी त्यांनी ते केले, आणि दर खट्ला त्यांच्या चेहऱ्यावर दात दुखल्यासारखी एक रेघ उमटून जाई.

रेवती गेली. तिथल्या जाणकाराने स्की यंत्रावर तपासली, एक स्क्रू बदलला आणि तळावरचा काळा ठिपका बोटाने चाचपून हे कोणी केले असे विचारले, इतके तिने कळवले. इकडे माधवनगरला एका लग्नात नातेवाइकांना विषय मिळाला. “मामा, नवऱ्यामुलीला बोल्ट लावा बरं, पळून जाईल!” “मामा, सोडवायला आमी कटावणी आनलीया!” मामा मान खाली घालून जिलेबी खात होते आणि मधूनच “व्हय, व्हय, चुकलं खरं” म्हणत होते. मी त्या पंगतीत मामांच्या शेजारीच बसलो होतो. लोक हसले तेव्हा मीही हसलो. ते हसू मला अजून आठवते. मोठे नव्हते, पण होते.

तीन आठवड्यांनी रेवतीने फोनवर एक चित्रफीत पाठवली. मी ती घेऊन त्याच दिवशी उंब्रजला गेलो, कारण त्या चित्रफितीआधी एक गोष्ट बोलायची होती. मामी शेडच्या दाराशी शेंगा निवडत होत्या. मी मामांसमोर उभ्यानेच बोललो. म्हणालो, स्की आवळायला मीच सांगितले होते. कागदही वाचला होता. पोरीने विचारले तेव्हा गप्प बसलो आणि लग्नात हसलो. हे सारे मी मामा-मामींच्या देखतच फोनवरून रेवतीलाही सांगणार आहे.

मामी शेंगा निवडायच्या थांबल्या. मामा मात्र त्रासलेच.

“आवं पाव्हणं, कुटलं कुटं घिऊन बसताय! तुमी सांगितलंसा म्हनून मी आवळलं व्हय? तुमी न्हाई म्हनला असता तरी मी तितकंच आवळलं असतं. भ्या वाटत हुतं मला. तुमाला वाटत हुतं तेवढंच. बसा खाली.”

मी बसलो. इतके दिवस जपलेला माझा अपराधही पुरता माझा नव्हता, आणि हे ऐकून आधी मला हलके न वाटता किंचित हिरमुसल्यासारखे वाटले, हेही इथे नोंदवायला हवे.

मग आम्ही तिघांनी चित्रफीत पाहिली. पांढऱ्या उतारावर रेवती वरून येते, वळते, पुन्हा वळते, आणि तिसऱ्या वळणाला पडते. एक स्की पायातून सुटून बाजूला उडते. मामी “अगं बाई!” म्हणाल्या. पुढे ती उठून पुन्हा घसरू लागते, खाली पोचते, मैत्रिणी टाळ्या वाजवतात. तिथवर पाहून मी फोन मागे घेऊ लागलो.

“ऱ्हाऊ द्या,” मामा म्हणाले. “पडल्याली दावा.”

मी पुन्हा लावली. ते फोन डोळ्यांजवळ धरून पाहत राहिले. पाय वळतो, बूट सुटतो, ती कुशीवर लोळते, थोडा वेळ तशीच पडून राहते. मग गुडघा पोटाशी घेते, हात टेकते, उभी राहते, कपड्यांवरचा बर्फ झाडते आणि सुटलेल्या स्कीकडे चालू लागते.

त्यांनी ती चार वेळा पाहिली. पाचव्या वेळी मध्येच थांबवून मला विचारले, “जवळ कोन हुतं का तिच्या, उटवाय?”

“नव्हतं,” मी म्हणालो.

मामांनी मान हलवली आणि फोन माझ्याकडे न देता तसाच हातात धरून ठेवला.